ठोकळ्यापाशी बसलेला माणूस

"आज शाळू पडलाय, बाई. साहेबांस्नी सांगा, जमलं न्हाई."

महादबा हे म्हणाला तेव्हा मला कारखान्यात लागून जेमतेम चार दिवस झाले होते. मला वाटलं, माणूस शेतीचं काहीतरी सांगतोय. मी आपली "असं का? पाऊस कमी झाला असेल," म्हणून मोकळी झाले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की साताऱ्याच्या कॉलेजात चार वर्षं हिनं काय केलं असेल, असा प्रश्न त्याला पडलेला मला स्पष्ट दिसला. मग हातातला अ‍ॅल्युमिनियमचा वीतभर काप त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. अ‍ॅल्युमिनियम वितळवायचं, मागणीप्रमाणे त्यात तांबं नाहीतर मॅग्नेशियम मिसळायचं आणि त्याचे पुरुषभर लांब, फूटभर जाड ठोकळे ओतायचे, एवढंच काम. ठोकळे पुढे पत्रा लाटायला दुसऱ्या गावी जात. दुष्काळ हटला त्या वर्षी मला तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. नुकतीच लग्न होऊन मिरजेला आले होते. सासरी कुणी नाही म्हटलं नाही, हेच नवल. अख्ख्या कारखान्यात बाईमाणूस मी एकटी, आणि प्रयोगशाळा म्हणजे शेडच्या मागच्या अंगाला काढलेली एक खोली. दारासमोर मोकळं अंगण. त्या अंगणात ओतलेले ठोकळे निवायला ठेवत. महादबा भट्टीचा आणि ओतकामाचा मिस्त्री.

शाळूचं कोडं मला आठवड्यात उलगडलं. वितळलेला धातू गोठतो तेव्हा तो दाण्यादाण्यानं गोठतो. वरून बघावं तर नुसता चकचकीत ठोकळा. पण त्याचा काप घेऊन, पॉलिश पेपरनं घासून, गरम कॉस्टिकमध्ये बुडवला आणि वर आलेली काजळी नायट्रिक आम्लानं धुतली, की आतले दाणे उघडे पडतात. काही चमकतात, काही काळपट दिसतात. दाणा जितका बारीक तितका ठोकळा चांगला. दाणा मोठा असला की लाटताना कडा फाटतात. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, त्याचे नंबरही पाठ होते. महादबाकडे नंबर नव्हते. त्याच्याकडे राजगिरा, बाजरी, शाळू आणि हरभरा होते. राजगिरा पडला की महादबा खुशीत. हरभरा पडला की त्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहायचं नाही.

महिन्याभरात ही भाषा माझ्या इतकी अंगवळणी पडली, की एकदा इंग्रजी छापील फॉर्मवर दाण्याच्या रकान्यात मी बेलाशक 'बाजरी' लिहून सही ठोकली. मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. "ही लॅब आहे का किराणा दुकान?" मी मान खाली घालून बाहेर आले. पण दोनच महिन्यांनी तेच साहेब फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होते, "काळजी करू नका हो, ह्या वेळी एकदम राजगिरा देतो!"

दाणा मोठा का होतो, हे मी महादबाला एकदा मुद्दाम विचारलं. परीक्षा घ्यायची खुमखुमी, दुसरं काय. तो म्हणाला, "एकेकटा दाणा आसला की लय पसरतो. त्याला जागाच जागा. सगळ्यांनी एकदम धरलं, की कुणालाच पसराय मिळत न्हाई. मग बारीक पडतो." पुस्तकात ह्याला सहा पानं लागली होती.

महादबा विट्याकडचा. त्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. हाही चौदाव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर मद्रासच्या पलीकडे कुठल्याशा गावी गेला आणि बंद खोलीत मुशीसमोर बसून त्यानं वीसएक वर्षं काढली. लग्न करून बायकोला तिकडे नेलं, ती तिथेच तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. भावांनी दुसरी बघितली होती, पण हा एक पत्र्याची पेटी घेऊन सरळ सांगलीला उतरला. का, म्हणून विचारलं तर बायकोचं नाव काढायचा नाही. म्हणायचा, "सोनं चिमटीत मावतं, बाई. ते काय वतायचं? माणसानं छातीएवढं कायतरी वतावं."

सोन्याचांदीच्या धंद्यातली एक सवय मात्र त्याच्याबरोबर आली होती. चांदी-तांब्याचा रस तिकडे ओल्या लाकडानं ढवळत. त्यानं मळ निघतो. महादबा अ‍ॅल्युमिनियमचा रसही कडुनिंबाच्या हिरव्या फांदीनं ढवळायचा आणि वर म्हणायचा, निंबानं धातू निर्मळ होतो. मी कापावर काप बघत होते आणि प्रत्येकाला आतून बारीक बारीक भोकं, रव्याच्या इडलीसारखी. साहेब कोळशाला दोष देत, कोळसेवाला पाण्याला. शेवटी मला उमगलं. अ‍ॅल्युमिनियमचा रस ओलावा पिऊन घेतो आणि गोठताना तो सोडतो. एका दुपारी बाकीचे जेवायला गेलेले बघून मी महादबाला गाठलं आणि फांदीबद्दल सांगितलं.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बघते, तर भट्टीच्या कडेला चुन्याचा हात दिलेला, शेगडीवर खडखडीत वाळवलेला लोखंडी गज टेकवलेला. फांदी गायब. त्या दिवशीचा काप टेबलावर ठेवताना तो म्हणाला, "तुमचं खरं निघालं. पर चारचौघांत बोलला न्हाईसा, ते लय ब्येस केलं." एवढं बोलून तो वळला. माझी मात्र त्या दिवशी मान ताठ होती. घरी जाऊन नवऱ्याला दोनदा तोच किस्सा ऐकवला.

कारखान्यात महादबाची कुणाशी दुष्मनी नव्हती आणि दोस्तीही नव्हती. माणसं चहाला टपरीवर जात, हा जात नसे. शेडच्या मागे कारखान्यानं त्याला एक खोली दिली होती. मी एकदाच आत डोकावले. भिंतीवर देवाचा फोटो नाही, बायकोचा नाही, भावांचा नाही. खिळ्यांना तारेनं टांगलेले वीस-पंचवीस काप. चांगले पडलेलेच नव्हेत, फसलेलेही. "ह्यो माझा पैला," तो बोट दाखवून म्हणाला. "निस्ता हरभरा. तरी टाकवंना." मला हसू आलं. ती खोली बघून माणसाला घरी जावंसं वाटत होतं, आणि तो घरीच होता.

दिवाळीला भट्टी थंड होऊ नये म्हणून कुणीतरी राहावं लागे. दर वर्षी महादबाच राही. एकदा मी फराळाचा डबा घेऊन गेले आणि सहज म्हटलं, "तुम्ही कधी गावी जात नाही?"

"गावात कोण हाय?" तो म्हणाला. "आमच्या आळीला अकरा घरं. अकराला कुलपं. कोन मदुरेला, कोन कलकत्त्याला. जत्रंला आठ दिस समदी येत्यात, बकरी पडत्यात, पुन्यांदा कुलूप. आवं, कुत्रीबी ऱ्हात न्हाईत त्या आळीला. मी तितं जाऊन करू काय? भिताडांसंगं बोलू?"

"मग म्हातारपणी?"

"हितंच. साहेबांनी तवर ठिवलं, म्हंजी मिळवली." त्यानं डब्यातली एक करंजी काढून कागदात गुंडाळली आणि डबा मला परत दिला. "हितं निदान ठोकळा तरी बोलतो."

ठोकळा बोलतो, हे त्यानं थट्टेनं म्हटलेलं नव्हतं. तांबं-मॅग्नेशियम घातलेल्या कडक मिश्रणाचा ठोकळा ओतायचा म्हणजे जिवाला घोर. साचा म्हणजे तळ खाली सरकणारी एक चौकट. वरून रस पडतो, चारी बाजूंनी पाणी आदळतं. साल आधी गोठते, पोट मागून. पोट गोठताना आकसतं, साल त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण ठोकळा बाहेर काढल्यावरही चालू राहते, आणि सकाळी ओतलेला, वरून धडधाकट दिसणारा ठोकळा दुपारी एकदम आतून तडकतो. बाहेर काही दिसत नाही. नुसता आवाज येतो. गोधडीखाली कवडी फुटावी एवढाच. ह्यालाच महादबा 'बोलला' म्हणायचा. बोललेला ठोकळा परत भट्टीत घालायचा. तो चुकून करवतीवर गेला, तर पातं आत शिरल्याबरोबर फुटतो, आणि तीन-चार खंडी वजनाची वस्तू फुटते तेव्हा आजूबाजूला माणूस नसलेला बरा.

आतली चीर दाखवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे महादबा होता. कडक मिश्रणाचा ठोकळा अंगणात आला, की तो शेजारी पाट टाकून बसायचा. भाकरी तिथेच, पाणी तिथेच. ठोकळ्याला हात लावायची सोय नव्हती, चटका बसे. दिवस मावळेपर्यंत ऐकत बसायचं आणि मग खडूनं फुली नाहीतर बरोबरची खूण करायची. त्या खुणेवर साहेबांचासुद्धा शब्द चालत नसे. लोक म्हणत, महादबा ठोकळा उबवतोय. शेडमधल्या पंख्यांच्या आणि करवतीच्या घरघरीत तो आवाज दुसऱ्या कुणाला यायचाही नाही. अंगणाला लागून असलेल्या माझ्या खोलीत, मुद्दाम कान दिला तर, तेवढा यायचा.

दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी वीज गेली. पंखे, करवत, सगळं थांबलं. इतकी शांतता त्या आवारात मी कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत ठोकळा बोलला. टक्. मी हातातलं ब्युरेट सोडून दारात आले. महादबा ठोकळ्यापासून दोन हातांवर बसला होता, आणि भाकरी मोडून खात होता. त्यानं मानही वळवली नाही. सावकाश कांद्याची पाकळी तोंडात टाकली. मग त्याला मी दिसले.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. हातातला घास त्यानं खाली ठेवला. उठला, खिशातून खडू काढला आणि ठोकळ्यावर मोठी फुली मारली.

तो बहिरा झाला होता. भट्टीच्या पंख्यापाशी इतकी वर्षं काढल्यावर कान जाणारच. लोकांच्या ओठांवरून तो भागवून नेत होता, आणि ठोकळ्यांचं आजवर नशिबानंच निभावलं होतं. मागे एकदा तो माझ्या घरी जेवायला आला होता तेव्हा माझा नवरा त्याच्याशी दहा मिनिटं काहीबाही बोलत होता, आणि हा सगळ्याला 'व्हय व्हय' म्हणून उठून गेला होता. नवरा म्हणाला, शिष्ट आहे तुझा मिस्त्री. त्याचाही अर्थ मला त्या दुपारी कळला. आणि हेही कळलं, की हे साहेबांना समजलं तर महादबाला ठेवण्याचं काही कारण उरत नाही. नोकरी गेली की खोली गेली. मग राहिली अकरा कुलपांची आळी.

आम्ही एका शब्दानं त्याविषयी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून महादबाचा पाट फिरला. आता तो ठोकळ्याकडे तोंड करून बसत नसे, माझ्या दाराकडे तोंड करून बसे. ठोकळा बोलला की मी दारात यायचे आणि अ‍ॅप्रनला हात पुसायचे. तो फुली मारायचा. मी दारात आले नाही, की संध्याकाळी बरोबरची खूण. मी रजेवर असले की कडक मिश्रण ओतायचंच तो टाळायचा. कधी भट्टीचं अस्तर गेलेलं असे, कधी पाण्याला दाब नसे. सव्वा वर्ष हे चाललं. एकही ठोकळा करवतीवर फुटला नाही. मी मनाशी म्हणायचे, ह्यात कुणाचं काय बिघडतंय? कान त्याचे काय नि माझे काय. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटत होता.

मग ते पाहुणे आले. बाहेरगावच्या लाटण-कारखान्याची मंडळी, मोठी मागणी घेऊन. कडक मिश्रणाचा ठोकळा सकाळीच ओतून अंगणात ठेवला होता. करवतीवर त्याची टोकं कापलेली त्यांना त्याच दिवशी बघायची होती. साहेबांनी मला आदल्या ठोकळ्याचा काप घेऊन बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले होते, हेही सांगून टाकते. काप हातात धरून मी दाण्यांची माहिती द्यायला लागले, पाहुणे माना डोलवत होते. तेवढ्यात महादबा पुढे झाला आणि त्यानं काप माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी नगा सांगू, बाई," तो म्हणाला. "त्ये काय तुमच्या हातनं झालेलं न्हाई. लॅबमदी बसून काय कळतंय?"

पाहुणे हसले. साहेबही हसले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, शेडमधल्या चार लोकांनीही ऐकलं. मी तशीच परत आले. कानशिलं तापली होती. फांदीची गोष्ट मी एकांतात सांगितली होती, आणि ह्यानं मला चारचौघांत उचलून आपटलं. वर्षभर ह्याचे कान मी झाले, आणि लॅबमध्ये बसून मला काय कळतंय! रागानं मला रडू येत होतं. मी दार लोटून घेतलं, खिडकीपाशी स्टूल ओढलं आणि उगाच एक टायट्रेशन मांडून बसले. खिडकीच्या काचेवर ऊन होतं. मला अंगण दिसत होतं, अंगणातून मी दिसत नव्हते.

तीनच्या सुमारास ठोकळा बोलला.

मी ऐकलं. मुळीच शंका नव्हती. हात पुसायला फडकंसुद्धा उचललं. मग ठेवून दिलं. म्हटलं, ऐक की आता तुझं तू.

थोड्या वेळानं साहेब पाहुण्यांना घेऊन अंगणात आले. "काय महादबा, बोलला का?" महादबानं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यानं माझ्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. तो जरा वेळ बघतच राहिला. मला त्याचे डोळे दिसत होते. एवढंच उठायचं होतं. दार उघडून उंबऱ्यात उभं राहायचं होतं. मी उठले नाही.

"न्हाई," महादबा म्हणाला आणि त्यानं ठोकळ्यावर बरोबरची खूण केली.

ठोकळा साखळीवरून शेडमध्ये गेला. तो बांधायला, बसवायला पाव तास तरी लागतो. त्या पाव तासात मी बसून राहिले. सांगते, सांगते, असं म्हणत होते मनात, पण आता जाऊन काय म्हणून सांगायचं? मघाशी का नाही आलात, तर काय उत्तर द्यायचं? तेवढ्यात करवत सुरू झाल्याचा आवाज आला. मी दार उघडून धावले. शेडच्या तोंडाशी पोचले तेव्हाच तो धडाका झाला.

करवतीवर अण्णाप्पा होता, मालगावचा, दोन मुलींचा बाप. ठोकळ्याचा अर्धा भाग उडून त्याच्या पायावर आला. गुडघ्याखाली हाड दोन जागी मोडलं. जीव वाचला, पण पुढे तो जन्मभर लंगडला. त्याला उचलून गाडीत घालताना महादबा सगळ्यांच्या पुढे होता. मी मागे खांबाआड उभी होते, त्याला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. मलाही बोलावलं होतं.

"ठोकळा बोलला नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"बोलला आसंल," महादबा म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"मला ऐकाय येत न्हाई, साहेब. दोन वरसं हून गेली."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमची खोली तिथंच आहे. तुम्हाला काही माहीत होतं?"

माझं तोंड उघडलंही असेल. पण महादबानं साहेबांच्या ओठांवरून प्रश्न ओळखला होता. "बाईंस्नी काय ठावं?" तो म्हणाला. "त्या आपल्या लॅबमदी. ह्यात त्यांचं काय न्हाई. मी न्हाई म्हणालो, मी खूण केली. समदं माझं हाय." आणि मी मान खाली घातली. माझी साक्ष एवढीच.

पुढचे आठ दिवस तो मिरजेच्या दवाखान्यात अण्णाप्पाच्या उशाशी बसून होता. नवव्या दिवशी खोली रिकामी झाली. जाताना तो मला भेटला नाही. मी सकाळी आले तेव्हा दारासमोर एक पोतं होतं. उघडून पाहिलं, तर भिंतीवरचे सगळे काप. मी ते पोतं स्टोअरकीपरला देऊन टाकलं, तेही पुढे भट्टीत गेलं असणार.

पुढचं वर्षभर मी ते कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. कडक मिश्रणाचे ठोकळे आता रात्रभर पडू देत आणि लांबून लोखंडी पडदा लावून कापत. त्यामुळे ऐकायचं कारणच उरलं नाही. पण मी ऐकायचेच. आवाज आला की उठून दारात यायचे, आणि समोर पाट नसायचा. एकदा तर मी अ‍ॅप्रनला हातही पुसले.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात विट्याला नवऱ्याच्या आतेभावाचं लग्न होतं. वऱ्हाड वाटेला लावून मी एकटीच एस.टी.त बसले आणि महादबाच्या गावी उतरले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. त्याला ऐकू यायचं नाही, आणि एवढं सगळं ओठांवरून कळायचं नाही, म्हणून पर्समध्ये वही आणि पेन घेतलं होतं. त्याला अक्षरओळख होती.

आळी त्यानं सांगितली होती तशीच होती. चिऱ्यांची, पैसा लावून बांधलेली घरं, नक्षीचे दरवाजे, आणि प्रत्येक कडीला कुलूप. शेवटच्या घराच्या ओट्यावर महादबा खराट्याच्या काड्या बांधत बसला होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आळीतल्या घरांची झाडलोट तो करी आणि त्यावर त्याचं चाले. फार वाळला होता. मला बघून तो धडपडत उठला.

"आवं बाई! तुमी!" सगळ्या आळीत आवाज घुमला. "या, या. च्या करतो. दूध न्हाई, कोराच घ्या."

चहा घेऊन आम्ही ओट्यावर बसलो. अण्णाप्पा कसा आहे, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी हातानंच सांगितलं, कामावर येतो, बसून करायचं काम दिलंय. तो बराच वेळ मान हलवत राहिला. मी वही बाहेर काढली. पेनचं टोपण उघडलं. काय लिहायचं, ते वाक्य मी एस.टी.त दहा वेळा जुळवलं होतं.

"एक सांगायचं व्हतं तुमास्नी," तोच म्हणाला. "लय दिस मनात हाय. त्या दिवशी पावण्यांम्होरं मी तुमास्नी तसं बोलाय नगं व्हतं. माझीबी भीती व्हती बगा. सायेब म्हणत्याल, समदं बाईंस्नीच कळतंय, मग ह्यो म्हातारा कशाला? त्या भीतीनं बोललो. तुमी रागानं घरी गेला. जाणारच की. अन् मी दार बगितलं, लोटल्यालं. सायेब तोंडाकडं बगत व्हतं. मला म्हणाय पायजे व्हतं, ठाऊक न्हाई म्हणून. मी न्हाई म्हणलो. तुमी आसता, तर अण्णाप्पाचा पाय ऱ्हाता. तुमास्नी मीच घालवलं."

माझ्या हातात पेन तसंच होतं.

"घरी गेलता न्हवं तुमी?" त्यानं विचारलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. उत्तर त्याला तिथूनच मिळणार होतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

"त्येच म्हणलं," तो म्हणाला. "आसता, तर दारात आलाच आसता."

मी वही मिटून पर्समध्ये ठेवली. परतीची एस.टी. फाट्यावर येऊन थांबली होती, कंडक्टर हाका मारत होता. महादबा फाट्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत त्यानं एका घराचं कुलूप ओढून बघितलं, नीट लागलंय की नाही. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तसा त्यानं हात वर केला, आणि वळणापर्यंत तो तसाच उभा होता. मी काही हात वर करू शकले नाही.